युद्धविरोधी, शांततावादी की नुसतंच गप्प: कुठला शब्द कुठे वापरायचा

मे २०२५ मधले भारत-पाकिस्तान लढाईचे ते चार दिवस आठवत असतील, सात तारखेच्या पहाटेपासून दहाच्या संध्याकाळपर्यंत, घरोघरी टीव्ही चालू आणि प्रत्येक फॅमिली ग्रुपवर कुणीतरी सेनापती झालेलं. आमच्या ग्रुपवर मी तेव्हा एक वाक्य टाकलं, "मी शांततावादी आहे, मला हे बघवत नाही." दोन मिनिटांत मामाचा रिप्लाय, "मग शांतता राख की." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मामा सुभेदार होऊन रिटायर झालाय, कारगिलच्या वेळी द्रासला होता, त्यामुळे आमच्या सातारच्या गोतावळ्यात त्याच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही, मीही गप्प बसले. पण रात्री झोप लागेना. मत चुकलं असं वाटत नव्हतं, शब्द मात्र नक्की चुकला होता, आणि मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते त्यामुळे ते जरा जास्तच लागलं.

भाषांतराच्या कामात 'अँटी-वॉर', 'पॅसिफिस्ट' असले शब्द सारखे येतात, आणि मराठीत युद्धविरोधी, शांततावादी, शांतिवादी, अहिंसावादी, युद्धबंदी हे सगळे एकमेकांच्या जागी बिनधास्त ठोकून दिलेले दिसतात. मीही ठोकलेत. म्हणून आता एकदाच बसून लिहून काढतेय, कुणाला भाषण लिहायचं असेल, निबंध लिहायचा असेल, पोस्टर रंगवायचं असेल किंवा नुसतं मामाला उत्तर द्यायचं असेल तर कामाला येईल.

आधी ते 'युद्ध' नीट लिहा

हसू नका, निम्मे लोक इथेच पडतात. युद्ध, युध्द नाही. द आधी, ध नंतर. तोंडाने सावकाश म्हणून बघा, युद्... ध. जीभ आधी द वर अडते आणि मग ध सुटतो. जोडाक्षर छापलं की मोठा द दिसतो आणि ध त्याच्या पोटाशी लटकलेला, तिथे डोळा फसतो आणि हात उलटं टाइप करतो. बुद्ध, शुद्ध, सिद्ध, प्रसिद्ध, श्रद्धा, विरुद्ध, सगळ्यांचं तेच. इनस्क्रिप्टवर द, मग हलन्त, मग ध. इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणारा कीबोर्ड असेल तर डी दोनदा दाबून मग एच, म्हणजे गडबड होत नाही. फ्लेक्सवाल्याकडे काम दिलं असेल तर प्रिंटला जायच्या आधी स्वतः बघून या, तो हमखास उलटं करतो.

दुसरं म्हणजे युद्धविरोधी हा सामासिक शब्द आहे, एकत्र लिहायचा. 'युद्ध विरोधी' असं तोडून लिहिलं की पोस्टरवर दोन ओळींत फुटतं आणि खालच्या ओळीत एकटंच 'विरोधी मोर्चा' उरतं, मी प्रत्यक्ष पाहिलंय. आणि शांती एकटी असली की ती दीर्घ, पण समासात पुढे आली की ऱ्हस्व होते, शांतिसेना, शांतिदूत, शांतिवादी.

आता वाक्यात कसा बसवायचा. तीन रूपं लक्षात ठेवली की काम भागतं. युद्धविरोध ही गोष्ट, युद्धविरोधी हे विशेषण, युद्धविरोधक हा माणूस. विशेषण काही केल्या बदलत नाही, युद्धविरोधी मोर्चा, युद्धविरोधी सभा, युद्धविरोधी गाणं, युद्धविरोधी कविता, सगळीकडे तेच. पण माणसांबद्दल बोलताना 'युद्धविरोधींनी निदर्शनं केली' असं लिहू नका, कानाला खटकतं, 'युद्धविरोधकांनी' लिहा नाहीतर सरळ 'युद्धाला विरोध करणाऱ्यांनी'. आणि घरात बोलताना यातलं काहीच वापरू नका हो, घरात कुणी युद्धविरोधी नसतं, घरात "लढाई नको बाबा" असतं आणि ते पुरतं.

शांततावादीचा घोळ

माझं जिथे बिनसलं ती जागा ही. मराठीत शांतता म्हणजे दोन गोष्टी, एक म्हणजे भांडण नसणं आणि दुसरी म्हणजे आवाज नसणं. आणि खरं सांगायचं तर रोजच्या वापरात दुसरीच जास्त. हॉस्पिटलच्या भिंतीवर 'शांतता राखा', वाचनालयात 'शांतता राखा', वर्गात बाई येतात तेव्हा "शांतता!" गणपती आले की पोलीस स्टेशनला शांतता समितीची मीटिंग, तिथे पहिला अर्थ असतो, पण डीजेच्या भिंतीचा विषय निघाला की तोही दुसऱ्या अर्थाकडे सरकतो. त्यामुळे 'मी शांततावादी' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप एक गरीब, मऊ, कोपऱ्यात बसलेला माणूस उभा राहतो. मामाने काही फार मोठा विनोद केला नाही, भाषेने त्याच्या हातात आयता दिला.

शांतिवादी म्हणावं तर शांती आपल्याकडे भटजींनी घेतलीय, वास्तुशांत, ग्रहशांती, नक्षत्रशांत, आणि उरलेली 'मृतात्म्यास शांती लाभो' मध्ये. शांतिवादी म्हटलं की मला तरी हवनकुंडच दिसतं.

इंग्रजीवाल्यांचीही हीच पंचाईत झालीय हे कळल्यावर जरा बरं वाटलं. पॅसिफिस्ट हा शब्द तसा काही जुना नाही, १९०१ मध्ये ग्लासगोला शांतता परिषद भरली होती तिथे एमिल आर्नो नावाच्या फ्रेंच वकिलाने पॅसिफिझम हा शब्द पुढे केला. लॅटिनमध्ये पाक्स म्हणजे शांतता आणि फाकेरे म्हणजे करणं, घडवणं. म्हणजे मुळात तो 'शांतता घडवणारा', करणारा माणूस, पण उच्चार पॅसिव्हच्या इतका जवळचा की इंग्रजी बोलणाऱ्यांनाही तो हातावर हात ठेवून बसलेला वाटतो.

आणि या घोळावर आपल्याकडच्या एका माणसाने १९१८ मध्येच नेमकं बोट ठेवलंय. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल पहिल्या महायुद्धाच्या विरोधात लिहीत होता, त्याच वर्षी त्याला त्यापायी सहा महिन्यांची शिक्षा होऊन ब्रिक्स्टनच्या तुरुंगात जावं लागलं. त्याच्या एका पुस्तकावर बाबासाहेब आंबेडकरांनी अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात मोठा लेख लिहिला. वाचणारे लोक, विशेषतः आपल्याकडचे, रसेलचा युद्धविरोध म्हणजे संसारातून अंग काढून घेण्याची शिकवण समजतील ही भीती त्यांना होती. म्हणून त्यांनी स्पष्ट केलं की रसेल युद्धाच्या विरोधात आहे पण निष्क्रियतेच्या बाजूचा नाही, कारण माणूस वाढतो तो कृतीतून, आणि काहीच न करणं हे मरणाचंच दुसरं नाव. पुढे जाऊन त्यांनी जोर म्हणजे ऊर्जा आणि जोर म्हणजे हिंसा असाही फरक केला, तो विचार त्यांनी त्यांचे गुरू, अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्याकडून घेतला होता. मामाला द्यायचं उत्तर हे होतं, शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं, मला वेळेवर आठवलं नाही एवढंच.

तेव्हा पहिला सल्ला असा, की माणूस बोलतोय, लिहितोय, रस्त्यावर उतरतोय, तुरुंगात जातोय, तर त्याला शांततावादी म्हणू नका, युद्धविरोधी म्हणा. 'विरोध' या शब्दात करणं आहे. शांततावादी हा शब्द तत्त्वज्ञानासाठी, राज्यघटनेसाठी ठेवा. जपानचं १९४७ पासून लागू असलेलं संविधान, ज्याच्या नवव्या कलमात त्यांनी युद्धाचा हक्कच सोडून दिला, त्याला शांततावादी संविधान म्हणणं बरोबर बसतं.

सगळी युद्धं की हे युद्ध?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि इथेच मराठीत सगळ्यात जास्त भेळ होते. एक माणूस म्हणतो की कुठलंच युद्ध नको, कधीच नको. दुसरा म्हणतो हे युद्ध नको, बाकीच्यांचं बाकीच्या वेळी बघू. दोघांनाही आपण युद्धविरोधी म्हणतो आणि मग भांडण लागतं, "तेव्हा तर तू बोलला नव्हतास!" अरे बाबा, तो तेव्हाच्या युद्धाबद्दल कधी काही म्हणालाच नव्हता.

हा फरक किती नीट करता येतो त्याचा उत्तम नमुना वर्ध्याजवळ पवनारला आहे. १९४० साल, दुसरं महायुद्ध चालू, इंग्रजांनी भारताला कुणालाही न विचारता त्यात ओढलेलं. गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह ठरवला, म्हणजे एकेका माणसाने उठायचं, युद्धाच्या विरोधात जाहीर बोलायचं आणि अटक करून घ्यायची. सरकारला माणसाची किंवा पैशाची मदत करणं चूक आहे आणि युद्धाला अहिंसेने विरोध करणं हाच खरा मार्ग, एवढाच त्या बोलण्याचा गाभा. बॉम्ब नाही, दगड नाही, नुसतं वाक्य. १७ ऑक्टोबरला पवनारला पहिला सत्याग्रही म्हणून उभे राहिले विनोबा, आपल्या रायगडातल्या गागोद्याचे. चार दिवस बोलत हिंडले, २१ तारखेला अटक झाली. तोवर देशातल्या बहुतेकांना विनोबा कोण हे माहीतही नव्हतं, म्हणून गांधीजींनी त्यांची ओळख करून देणारं निवेदन काढलं, आणि त्यात हाच फरक केलाय. त्यांचं म्हणणं असं की विनोबा पक्के, कुठल्याही युद्धाचे विरोधक आहेत, पण ज्यांचा विरोध फक्त चालू युद्धात भाग घेण्याला आहे त्यांनाही ते तेवढाच मान देतात, आणि फक्त या दुसऱ्या प्रकारचा असा एखादा माणूसही मी पुढे निवडीन.

दुसरं नाव ठरलं जवाहरलाल नेहरूंचं. नेहरू काही सगळ्या युद्धांच्या विरोधात नव्हते, फॅसिस्टांविरुद्ध लढायला हवं असंच त्यांचं मत होतं, विरोध होता तो गुलाम देशाला न विचारता युद्धात जुंपण्याला. त्यांनी सत्याग्रह करायच्या आधीच ३१ ऑक्टोबरला त्यांना पकडलं आणि चार वर्षांची शिक्षा ठोठावली. विनोबांना तीन महिने, नेहरूंना चार वर्षं. सरकारला यातला कुठला विरोध जास्त टोचत होता ते या आकड्यांवरून समजून घ्या.

हाच फरक अमेरिकेत एका माणसाच्या चांगलाच अंगाशी आला. बॉक्सर मुहम्मद अली, व्हिएतनाम युद्धाचे दिवस, २८ एप्रिल १९६७, ह्युस्टनचं भरती केंद्र. नाव पुकारलं की एक पाऊल पुढे टाकायचं, म्हणजे तुम्ही लष्करात दाखल. नाव पुकारलं, अली जागचा हलला नाही. पुन्हा पुकारलं, तरी नाही. जगज्जेतेपद गेलं, पाच वर्षांची शिक्षा झाली, अपील चालू होतं म्हणून बाहेर राहिला पण ऐन भरातली तीनेक वर्षं रिंगमध्ये उतरता आलं नाही. आता कायदा असा होता की सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लढायला नकार देणाऱ्याला सूट मिळते, पण त्याचा विरोध 'कुठल्याही स्वरूपातल्या युद्धाला' असला पाहिजे, एखादं युद्ध आवडत नाही म्हणून चालणार नाही. आणि सरकारचा वकिली मुद्दा हाच, की हा काही सगळ्या युद्धांच्या विरोधात नाही, धर्मयुद्ध असेल तर लढेन म्हणतो. शेवटी २८ जून १९७१ ला सुप्रीम कोर्टाने त्याला आठ विरुद्ध शून्य असं सोडलं, पण ते एका तांत्रिक कारणावर, त्याची सूट नाकारताना भरतीच्या अपील मंडळाने नक्की कारण काय ते सांगितलंच नव्हतं म्हणून. त्याच वर्षी मार्चमध्ये याच कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात स्पष्ट सांगून टाकलं होतं की फक्त एका युद्धाला विरोध असणाऱ्याला ही सूट नाही. म्हणजे 'सगळी की ही एक' हा प्रश्न निबंधापुरता नाही, त्यावर माणूस तुरुंगात जातो किंवा जात नाही.

अशा नकार देणाऱ्या माणसाला मराठीत एकच असा सुटसुटीत शब्द नाही, मी खूप शोधला. ब्रिटनमध्ये १९१६ मध्ये सक्तीची भरती आली आणि 'कॉन्शेन्शस ऑब्जेक्टर' हा शब्द अशा माणसांसाठी रूढ झाला, आपल्याकडे स्वतंत्र भारतात सक्तीची भरतीच कधी आली नाही, मग नकार देणार कोण आणि शब्द घडवणार कोण. भाषांतरात मी 'लढायला नकार देणारा' लिहिते, लांब आहे पण वाचणाऱ्याला कळतं. 'नैतिक आक्षेपक' असलं काही लिहू नका, तो ऑडिटमधला अधिकारी वाटतो.

तर वापरायची पद्धत अशी, युद्धविरोधी लिहिलं की लगेच स्वतःला विचारायचं, कोणत्या युद्धाचा? उत्तर माहीत असेल तर ते वाक्यात घाला. 'इराक युद्धाचे विरोधक', 'व्हिएतनाम युद्धविरोधी चळवळ'. १५ फेब्रुवारी २००३ ला जगभर लाखो लोक इराकवरच्या हल्ल्याच्या विरोधात रस्त्यावर आले, त्यातले सगळे काही आयुष्यभर शस्त्राला शिवणार नाही म्हणणारे नव्हते. आणि उत्तर 'सगळ्याच' असं असेल तर तसं लिहा, 'युद्धमात्राचा विरोधक', किंवा सरळ 'कुठल्याच युद्धाच्या बाजूचा नाही'. शक्य असेल तर सालही घाला, कारण माणसं बदलतात. आइनस्टाइन लष्करात जाऊच नका म्हणून तरुणांना सांगायचा, १९३३ मध्ये हिटलर आल्यावर त्याने ते म्हणणं सोडलं. रसेल १९१८ ला तुरुंगात, आणि हिटलरविरुद्धच्या युद्धाला मात्र पाठिंबा. दोघांना नुसतं शांततावादी म्हणून सोडून दिलं तर ते ढोंगी ठरतात, ते काही ढोंगी नव्हते.

आजूबाजूचे शब्द, जरा भरभर

अहिंसावादी म्हणजे युद्धविरोधी असं समीकरण लावू नका. गांधीजींनी बोअर युद्धात जखमी वाहून नेणारं पथक उभं केलं आणि १९१८ मध्ये तर खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून इंग्रजांच्या सैन्यासाठी भरती करायचा प्रयत्न केला, लोकांनी काही फारशी दाद दिली नाही. तेव्हाही ते अहिंसावादीच होते, युद्धविरोधी म्हणता येत नाही.

जखमींवर उपचार करणारा डॉक्टरसुद्धा त्या कामामुळे युद्धविरोधी होत नाही. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने काम करत १९४२ मध्ये तिथेच वारले, वय बत्तीस. त्यांना शाळेच्या भाषणात 'युद्धविरोधी डॉक्टर' केलेलं मी ऐकलंय. नाही हो, ते आक्रमणविरोधी होते, फॅसिझमविरोधी म्हणा हवं तर, त्यांनी बाजू घेतली होती.

युद्धबंदी हा शब्द तर सुरुंगच आहे. हिंदीत युद्धबंदी म्हणजे युद्धात पकडलेला कैदी, आणि हिंदी बातम्या बघून आपणही तसं लिहायला लागलोय, '१९७१ चे ९३ हजार युद्धबंदी'. मराठीत बंदी म्हटलं की आधी दारूबंदी, नोटाबंदी, नसबंदी आठवते, म्हणजे थांबवणं, आणि त्या चालीवर आपल्याकडे युद्धबंदी म्हणजे लढाई थांबवणं. कैद्याला युद्धकैदी म्हणा, लढाई थांबली तर शस्त्रसंधी किंवा युद्धविराम म्हणा, भानगडच नको. आणि युद्धविरामाचं स्वागत करणारा प्रत्येक जण युद्धविरोधी असतो असंही नाही, कुणाला दारूगोळा भरून घ्यायचा असतो. दारूबंदीच्या अर्थाने खरीखुरी युद्धबंदी जगात एकदाच झालीय, २७ ऑगस्ट १९२८ ला पॅरिसमध्ये पंधरा देशांनी सही करून धोरण म्हणून युद्ध करणं सोडून दिलं. त्या करारासाठी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री केलॉग साहेबांना शांततेचं नोबेल मिळालं. अकरा वर्षांनी दुसरं महायुद्ध. दारूबंदीचंही साधारण असंच असतं.

अण्वस्त्रविरोधी हा वेगळा प्राणी, बॉम्ब नको पण साधी फौज हवी म्हणणारे खूप आहेत. यावरून आठवली 'युद्ध नको बुद्ध हवा' ही घोषणा, यमक इतकं सुरेख आहे की शाळेच्या प्रत्येक फेरीत असते आणि असावी. पण भाषण लिहिताना हेही लक्षात ठेवा की १९७४ मधली आपली पहिली अणुचाचणी 'हसरा बुद्ध' या नावाने ओळखली जाते आणि १९९८ ची बुद्धपौर्णिमेच्या दिवशी झाली. कुणीतरी हुशार पोरगं समोरून हे विचारणारच.

आणि विरुद्ध बाजूचे शब्द बघा कसे चमचमीत आहेत, युद्धखोर, युद्धज्वर, युद्धपिपासू. खोर लागला की शिवी झालीच, भांडखोर, लाचखोर, चुगलखोर. मराठीत लढाईबद्दल बोलायला मसालाच मसाला, आपण तर परीक्षेत नापास झालो तरी पानिपत झालं म्हणतो आणि ऑफिसात एकट्याने काम केलं तर खिंड लढवली म्हणतो. लढाई नको म्हणायला मात्र एकच कोरडा, सरकारी छापाचा समास. बिचाऱ्याला जरा सांभाळून वापरा.

युद्धाला युद्ध म्हटलंच नाही तर?

हे पाठ्यपुस्तकात नसतं पण कामाचं आहे. विरोध करायचा तर आधी समोरच्याला युद्ध म्हणावं लागतं, आणि लढणारे बऱ्याचदा तो शब्दच वापरत नाहीत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात रणगाडे घेऊन लष्कर शिरलं, पण मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो 'पोलीस ॲक्शन' म्हणेल, आणि १७ सप्टेंबरला आपण साजरा करतो तो मुक्तिसंग्राम दिन. गोव्यात डिसेंबर १९६१ मध्ये दीड-दोन दिवसांत लष्कराने काम उरकलं, तिथेही शब्द मुक्ती. मला दोन्ही शब्द पटतात, निजामाच्या रझाकारांच्या गोष्टी मी आजीकडून ऐकल्यात. फक्त लिहिताना कळलं पाहिजे की आपण कुठला शब्द निवडलाय आणि तो कुणाचा आहे.

रशियात हे फार पुढे गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला तो 'विशेष लष्करी मोहीम' म्हणून, आणि ४ मार्चला कायदाच आला, लष्कराबद्दल 'खोटी' माहिती पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत कैद. लोकांनी मग काय केलं, रशियन भाषेत 'युद्ध नको' हे 'न्येत वइने' असं, पहिल्या शब्दात तीन अक्षरं आणि दुसऱ्यात पाच. काही जण पोस्टरवर नुसते तारे काढून उभे राहिले, आधी तीन, मग जागा सोडून पाच. पोलिसांनी त्यांनाही उचललं. कोरा कागद धरून उभं राहिलेल्यांनाही उचललं. मराठीत करायचं तर दोन तारे आणि दोन तारे, मोजून बघितलं मी.

त्यामुळे मोहीम, कारवाई, स्ट्राइक, ऑपरेशन असे शब्द आले की भाषांतर करताना ते तसेच ठेवा, पण 'त्यांनी ज्याला मोहीम म्हटलं' अशी चिमटीत धरून ठेवा. आणि विरोधकांना 'मोहीमविरोधी' वगैरे करू नका, ते ज्याला विरोध करतायत त्याला ते युद्धच म्हणतायत.

फौजी घरात बोलताना

सातारा-कोल्हापूरकडे हे वेगळं सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईच्या पोरांना सांगते. सातारा तालुक्यात अपशिंगे गाव आहे, गावाच्या नावापुढेच मिलिटरी लागलंय, घरटी एक तरी माणूस फौजेत असं तिथलं म्हणणं. अशा ठिकाणी 'युद्धविरोधी' हा शब्द 'सैन्यविरोधी' असाच ऐकू जातो, तुम्ही कितीही नीट उच्चारा. म्हणून तिथे समास टाळायचा. 'आमचा विरोध सैनिकांना नाही' असंही सुरू करायचं नाही, तसं म्हटलं की समोरच्याला आधी नसलेला संशय येतो. साधं वाक्य करायचं, क्रियापद घालायचं, कुणाबद्दल बोलतोय ते घालायचं. "पोरं सुखरूप परत यावीत", "ही लढाई थांबावी". यातलं काहीच शब्दकोशात युद्धविरोधी या नोंदीखाली सापडणार नाही, पण तोच अर्थ आहे आणि तो कुठल्याही सुभेदाराच्या घरात उभं राहून म्हणता येतो. दहा मे च्या संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आल्यावर मी ग्रुपवर 'थांबलं एकदाचं, आता पोरं घरी फोन करतील' एवढंच टाकलं. मामाने त्याला अंगठा दिला. अंगठाच, पण दिला.

पुढे जुलैमध्ये त्याचा सकाळी सकाळी फोन. कारगिल दिनाचा फ्लेक्स करायला टाकला होता, मजकूर त्याने स्वतः लिहिलेला, आणि गावातल्या मास्तरांनी कुठेतरी बोट ठेवलं होतं.

"काय गं, युद्धात द आधी का ध आधी?"

"द आधी, मामा."

"बघ, मी म्हटलंच होतं. तो फ्लेक्सवाला ऐकतोय व्हय."

पाच मिनिटांनी फोटो आला. युद्ध दुरुस्त झालं होतं, खालच्या ओळीतलं 'शत्रूविरुध्द' तसंच होतं. मी परत फोन लावला.